गाडीच्या पोटातल्या नळ्या

जुन्या मोटारीचा इतिहास लिहिणारे इंजिनावर लिहितात, बनावटीवर लिहितात, मालकांवर तर भरभरून लिहितात. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या करंगळीहूनही बारीक नळ्यांवर मात्र कोणी लिहीत नाही. गाडीतल्या माणसांचा जीव त्यांच्याच भरवशावर असतो.

जालना जिल्ह्यातले कुंभार पिंपळगाव हे गोदाकाठच्या घनसावंगी तालुक्यातले, काळ्या मातीचे आणि उसाच्या पट्ट्यातले गाव. या मुलखात जुनी जीप जपायची तर माती आणि ऊस, दोन्हींचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात काळा चिखल चेसीला लिंपून बसतो, ओल धरून ठेवतो आणि पोलादी नळी बाहेरून गंजवतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्यामुळे तीच नळी आतूनही गंजते. उसाच्या मळीपासूनही तयार होणारे इथेनॉल २०२३ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळून मिळू लागले. तेही पाणी ओढते आणि जुन्या रबरी जोडांना मानवत नाही.

द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकचा शोध माल्कम लॉकहीड या अमेरिकी तंत्रज्ञाचा. १९२१ च्या ड्युसेनबर्ग मोटारीत तो चारही चाकांना बसवला गेला. पुढे तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दुहेरी गुंडाळून, भट्टीत सांधून केलेली नळी रूढ झाली. डेट्रॉइटच्या बंडी कंपनीवरून तिला ‘बंडी ट्यूब’ म्हणतात.

मुंबईत महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली. त्या काळच्या जीपला चारही चाकांसाठी मिळून ब्रेकचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेने १९६८ पासून मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे केले, ते या धोक्यामुळेच.

म्हणून नळ्या बदलताना ‘मूळ तेच ठेवायचे’ हा हट्ट चालत नाही. शुद्ध तांब्याची नळी हाताने सहज वाकते, म्हणून मोह होतो. पण सततच्या थरथरीने तांबे कडक होऊन तडकते. ब्रेकला ती वापरू नये. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी गंजत नाही आणि दाबही सोसते. व्होल्वोने १९७६ पासून ती वापरली. मूळ पोलादच हवे असेल, तर नळीचे तोंड दुहेरी दुमडूनच युनियनमध्ये बसवावे. एकेरी दुमड अशा नळीला चिरते. पेट्रोलच्या नळीला हात लावण्याआधी बॅटरी सोडवून टाकी रिकामी करावी, आणि धातूच्या नळीबरोबर रबरी जोडही बदलावेत.

काढलेली नळी भंगारात जाते, तिथे इतिहासाचे नुकसान होते. तिची वळणे, क्लिपांचे ठसे, मधेच कोणी घातलेला जोड यांतून गाडीवर कोणकोणते हात फिरले ते कळते. नवी नळीही त्याच वळणांवरून बेतायची असते, म्हणून जुनी न तोडता, अखंड काढावी. काम झाल्यावर ब्रेकमधली हवा काढून, पेडल जोराने दाबून प्रत्येक सांधा तपासावा. मग जुन्या नळीला तारीख आणि कारण लिहिलेली चिठ्ठी बांधून ती गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. पुढच्या अभ्यासकाला काय मूळ होते आणि काय का बदलले, हे त्या चिठ्ठीवरूनच समजेल.