बारशाआधीची नावं

आपल्याकडे मूल जन्माला येतं, बारा दिवस जातात आणि मग बारसं होतं. आत्या कानात नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात. संगणकाच्या जगात हा क्रम उलटा आहे. तिथे नाव आधी ठेवतात, घुगऱ्याही आधीच वाटून होतात आणि मूल जन्माला येईलच याची हमी मात्र कोणी देत नाही. पिंक, कोपलंड, कैरो, ब्लॅककोम ही अशीच काही नावं. त्यांच्यावर मासिकांनी पानंच्या पानं खर्च केली, जाणकारांनी पैजा लावल्या, पण त्या नावाची वस्तू कोणाच्या हाती पडली नाही.

ही नावं आहेत ऑपरेटिंग सिस्टीमची. संगणक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत पडद्यामागे राबणारा हा कारभारी. फाइल कुठे ठेवायची, छपाईचं काम कोणाला द्यायचं, एका वेळी किती कामं चालू द्यायची, हे सगळं तो पाहतो. वाड्यात नवा कारभारी येणार म्हटलं की जुनी माणसं जशी कुजबुजत, तशीच कुजबुज इथेही चालते. नवा कसा असेल? जुन्या चाली ठेवील का? आणि मुख्य म्हणजे, नाव काय?

गोष्ट सुरू करू या १९८८ च्या मार्च महिन्यापासून. कॅलिफोर्नियात ॲपल कंपनीचे काही तंत्रज्ञ पुढच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार करायला एकत्र बसले. सुचेल ती कल्पना एकेका कार्डावर लिहायची असं ठरलं. लवकर जमण्यासारख्या कल्पना निळ्या कार्डांवर, अवघड आणि लांबच्या कल्पना गुलाबी कार्डांवर. त्याहूनही लांबच्या होत्या त्या लाल कार्डांवर गेल्या. निळ्या कार्डांमधून १९९१ मध्ये 'सिस्टीम ७' तयार झाली आणि लोकांनी ती वापरली. गुलाबी कार्डांचं नशीब वेगळं. त्यांच्यावरून त्या कामालाच 'पिंक' नाव पडलं. १९९२ मध्ये ॲपल आणि आयबीएम या कालपर्यंतच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून टॅलिजंट नावाची कंपनी काढली आणि पिंक तिच्या ओटीत घातली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून ती कधीच बाजारात आली नाही.

गुलाबी कार्डांवरची एक कल्पना मात्र खरोखर निकडीची होती. त्या काळच्या मॅकिंटॉशवर एक प्रोग्रॅम बिघडला की सगळा संगणकच ठप्प होई. चाळीतल्या एका खोलीतला फ्यूज उडावा आणि सगळी चाळ अंधारात जावी, तसं. प्रत्येक प्रोग्रॅमला स्मृतीत स्वतःची बंदिस्त खोली द्यावी, एकाच्या बिघाडाची झळ दुसऱ्याला लागू नये, हा तो विचार. पिंक लांबणीवर पडल्यावर हेच वचन १९९४ मध्ये नव्या नावाने पुढे आलं. नाव होतं 'कोपलंड', अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलंड यांच्यावरून. त्यापुढच्या आवृत्तीचं नावसुद्धा ठरलं होतं, 'गर्श्विन'. म्हणजे थोरल्याचा पत्ता नाही आणि धाकट्याचं बारसं उरकलेलं!

या हौसेची किंमत मोठी होती. १९९६ च्या मार्चअखेर संपलेल्या एकाच तिमाहीत ॲपलला ७४ कोटी डॉलर तोटा झाला. मे महिन्यात कंपनीने कोपलंडचं प्रात्यक्षिक थाटात दाखवलं आणि ऑगस्टमध्ये ते काम गुंडाळलं. घरात दोन-दोन नावं ठेवून झालेली असताना ऑपरेटिंग सिस्टीम बाहेरून विकत घ्यायची वेळ आली. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट ही कंपनी घेतली. तिच्याबरोबर तिचे संस्थापक स्टीव्ह जॉब्सही परत आले, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. त्या सौद्यामागे एका न जन्मलेल्या कोपलंडचं ओझं होतं, हे सहसा सांगितलं जात नाही.

आता मायक्रोसॉफ्टकडे वळू. १९९० च्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या संगणक प्रदर्शनात बिल गेट्स यांनी एक स्वप्न मांडलं. माणसाला हवी ती माहिती बोटाच्या टोकाशी असेल. ती कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे त्याने लक्षात ठेवायची गरज उरणार नाही. मुलीच्या लग्नाचे फोटो, पत्रिकेचा मजकूर, आमंत्रितांची यादी आणि केटररचा फोन नंबर, हे सगळं एकमेकांशी आपोआप जोडलेलं असेल. पुढच्याच वर्षी या स्वप्नाला नाव मिळालं, 'कैरो'. शेजारीच घरगुती संगणकांसाठी दुसरं काम चालू होतं, 'शिकागो'. शिकागो २४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' होऊन अवतरली. स्टार्ट बटण आलं, आठ अक्षरांत कोंबलेली फाइलची नावं जाऊन लांबलचक नावं देता येऊ लागली. कैरो आलीच नाही. तिचे तुकडे इतरांच्या अंगावर चढले. विंडोज ९५ च्या पडद्याचं रूपसुद्धा काही अंशी तिच्याकडून घेतलेलं होतं.

पण नसलेली वस्तू बाजारात काहीच करत नाही, असं समजू नका. ती फार मोठं काम करते. पुढच्या वर्षी याहून चांगलं येणार आहे असं कळलं की गिऱ्हाईक आज दुसऱ्याकडून घेत नाही, थांबून राहतं. १९९५ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनचे न्यायाधीश स्टॅन्ली स्पोर्किन यांनी सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यातला समझोता मान्य करायला नकार दिला. त्यांचा एक आक्षेप नेमका हाच होता, की तयार नसलेल्या मालाची आगाऊ जाहिरात करून प्रतिस्पर्ध्यांचं गिऱ्हाईक अडवून धरलं जातं, आणि समझोत्यात त्याबद्दल अक्षर नाही. जूनमध्ये वरच्या न्यायालयाने त्यांचा निर्णय फिरवला, कारण सरकारने मूळ तक्रारीत हा मुद्दा घेतलाच नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. मला मात्र त्या न्यायाधीशांना रोगाची नाडी सापडली होती, असंच वाटतं.

'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण यानंतरच्या प्रकरणाला जितकी चपखल बसते तितकी क्वचितच कुठे बसेल. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हिसलर आणि ब्लॅककोम असे दोन डोंगर आहेत, बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध. मायक्रोसॉफ्टने एका आवृत्तीला पहिल्याचं आणि तिच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीला दुसऱ्याचं नाव दिलं. व्हिसलर म्हणजे २५ ऑक्टोबर २००१ ला आलेली 'विंडोज एक्सपी'. ब्लॅककोमला वेळ होता, म्हणून मध्ये एक छोटी आवृत्ती काढावी असं ठरलं. व्हिसलरच्या पायथ्याशी लाँगहॉर्न नावाचं मद्यगृह आहे. तेच नाव या मधल्या मुक्कामाला दिलं. भीमाशंकरला निघालेल्या माणसाने वाटेत चहाला थांबावं आणि तिथेच घर बांधायला काढावं, तसं पुढे झालं. ब्लॅककोमसाठी राखलेल्या कल्पना एकेक करून लाँगहॉर्नमध्ये शिरल्या.

ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसला हजारो प्रोग्रॅमरांसमोर लाँगहॉर्नचे खांब दाखवण्यात आले. त्यातला एक होता 'विनएफएस'. म्हणजे काय? तेच, कैरोचं जुनं स्वप्न. फायली फोल्डरांत ठेवण्याऐवजी एका मोठ्या, एकमेकांशी जोडलेल्या माहितीसाठ्यात ठेवायच्या. त्या भरवशावर पुस्तकं लिहिली गेली, प्रोग्रॅमरांनी अभ्यास सुरू केला.

आतून मात्र इमारत हलत होती. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाच्या विषाणूने जगभरच्या एक्सपी संगणकांना वेठीला धरलं होतं. जुन्या घराची दारं-खिडक्या पक्क्या करायला माणसं हलवावी लागली आणि नव्या घराचं बांधकाम रखडलं. शिवाय नवा सांगाडाच इतका गुंतागुंतीचा झाला होता की एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडे पडझड होई. जुलै २००४ मध्ये विंडोजचे प्रमुख जिम ऑल्चिन यांनी गेट्स यांना, हे असं जमणार नाही, असं स्पष्ट सांगितल्याचं पुढच्या वर्षी वृत्तपत्रांत आलं. ऑगस्टअखेर विनएफएस वगळल्याचं जाहीर झालं आणि लाँगहॉर्नचं काम जवळजवळ नव्याने सुरू करावं लागलं. त्याच जूनमध्ये ॲपलने आपल्या परिषदेत, रेडमंडवाल्यांनो, झेरॉक्स मशिनं सुरू करा, अशा अर्थाचे खोचक फलक लावले होते. रेडमंड म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गाव. ॲपलची 'टायगर' एप्रिल २००५ मध्ये आली, तीही एका साध्या युक्तीसह. फायली जिथे आहेत तिथेच राहू द्यायच्या, फक्त पुस्तकाच्या मागे असते तशी शब्दसूची मागच्या मागे तयार करत राहायची. शब्द टाइप केला की फाइल हजर. पंधरा वर्षांच्या स्वप्नातला सामान्य माणसाला हवा असलेला बराचसा भाग एवढ्यावरच भागला.

लाँगहॉर्न 'व्हिस्टा' या नावाने ३० जानेवारी २००७ ला घरगुती ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि लोकांनी तिला नावं ठेवली. विनएफएसवर स्वतंत्रपणे चाललेलं काम त्याआधीच, जून २००६ मध्ये बंद झालं होतं. कंपनीचं कोणतं उत्पादन निघायला हवं होतं असं वाटतं, या प्रश्नाला गेट्स यांनी २०१३ मध्ये दिलेल्या उत्तरात याच माहितीसाठ्याचा उल्लेख होता. ब्लॅककोमचं आधी 'व्हिएन्ना' झालं आणि शेवटी साधं 'विंडोज ७'. गंमत अशी की या सातच्या पोटातला अधिकृत क्रमांक ६.१ आहे. क्रमांक ७ केला तर जुने प्रोग्रॅम गोंधळतील, ही भीती. नंतर आठवरून एकदम दहावर उडी मारली, तेव्हा नऊ कुठे गेला यावर केवढ्या कंड्या पिकल्या! २०१५ मध्ये कंपनीच्याच एका माणसाने विंडोज १० ही शेवटचीच आवृत्ती असल्याचं सांगितलं, तेव्हा अंदाजकर्त्यांचा धंदा बसणार असं वाटलं होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अकरा आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला दहाची नेहमीची देखभाल संपली.

या सगळ्या गलबल्यात आपल्या भाषेचं काय चाललं होतं, तेही पाहिलं पाहिजे. कैरोची आणि लाँगहॉर्नची वचनं शोधाची होती. पण मराठीत शोधायचं काय? त्या काळी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर आपली वर्तमानपत्रं आणि कचेऱ्या चालत. त्यांच्यामुळेच मराठी संगणकावर आलं, हे ऋण मोठं आहे. पण बहुतेक फॉन्टची अक्षरांची मांडणी आपापली होती. एकीकडे लिहिलेला मजकूर दुसरीकडे उघडला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. रोमन अक्षरांना चढवलेला तो देवनागरी मुखवटा होता. विनएफएस वेळेवर आली असती तरी अशा फायलींमध्ये तिला 'पुणे' हा शब्द सापडला नसता.

यावरचा उपाय कोणत्याही अफवेत नव्हता. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोड प्रणाली १९९१ मध्ये निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी आपल्याकडच्या 'इस्की' या प्रमाणावरून, त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली होती. जुलै १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने अक्षरं आतून युनिकोडमध्ये ठेवायचं ठरवलं. त्या वर्षी सगळे शिकागो आणि कैरोवर बोलत होते. या निर्णयाची बातमी व्हावी असं त्यात काही नव्हतं. त्याच घराण्यातल्या विंडोज २००० मध्ये फेब्रुवारी २००० ला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला, जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा आली, आणि एक्सपीने हे घराणं घराघरांत नेलं. तरीही एक्सपीमध्ये ही सोय झोपलेली असे. सेटिंगच्या आत जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग ती मूळ सीडी मागायची. सीडी कपाटात कुठे तरी पडलेली, नाही तर दुकानदाराने दिलेलीच नसायची! कित्येकांनी संगणकाला मराठी येत नाही असं समजून नाद सोडला. तो चौकोन गेला कधी? ज्या व्हिस्टाला सगळ्यांनी नाकं मुरडली, तिच्यात. तिथे भारतीय लिप्या मुळातच चालू होत्या. व्हिस्टाच्या उण्यादुण्यांच्या याद्या झाल्या, त्यात ही जमेची बाजू मला कुठे वाचलेली आठवत नाही.

अक्षरांचं काम असं बारीक असतं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना दक्षिणा वेगळी, आचाऱ्यांना वेगळी. मराठीचा हा अर्धा र हिंदीला लागत नाही, पण युनिकोडमध्ये त्याची सोय करावी लागली आणि ती झाली. 'ॲ' मात्र बराच काळ राहून गेलेला. अ वर चंद्र द्यायचा तर लोक मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून काम भागवत. ते चुकलं की चंद्र एका ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. मासिकांत त्या वेळी व्हिस्टानंतरच्या विंडोजचं नाव काय असेल, यावर चर्चा चालू होती.