रिकामे पाऊल, भरलेले पाऊल : ताय चीची घडण

सार्वजनिक बागांमध्ये पहाटे वयस्क मंडळी ज्या संथ हालचाली करताना दिसतात, तो ताय ची नावाचा व्यायाम प्राचीन काळी ताओपंथी साधूंनी दीर्घायुष्यासाठी शोधून काढला, असे लोकप्रिय पुस्तकांतून सर्रास सांगितले जाते. उपलब्ध पुरावा मात्र वेगळीच हकीकत सांगतो. या कलेचा उगम एका खेड्यातील लढाऊ कसरतींत आहे, तिच्यावरचा तत्त्वज्ञानाचा संस्कार प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित माणसांनी केला, आणि आरोग्याचा व्यायाम ही तिची आजची ओळख तर विसाव्या शतकात पक्की झाली. एवढ्यावरून तत्त्वज्ञान आणि आरोग्य ही दोन्ही वरून चिकटवलेली लेबले ठरतात, असे मात्र नव्हे. ती या कलेत उशिरा आली तरी तिच्या अंगी लागली, आणि ती कशी लागली हे समजून घेतल्याशिवाय ताय चीचा इतिहास पुरा होत नाही.

आधी नावाचा उलगडा करणे इष्ट आहे. पूर्ण नाव तायचीछुआन असे असून त्यातील ‘छुआन’ म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्ध. ‘ताय’ म्हणजे महान, तर ‘ची’ या अक्षराचा मूळ अर्थ घराचे आढे, म्हणजे छपराची दोन्ही पाखी ज्याच्यावर येऊन टेकतात ते सर्वांत उंचावरचे लाकूड. त्यापुढे काही उरत नाही म्हणून या शब्दाला ‘परिसीमा’ हा अर्थ आला. प्राणशक्ती या अर्थाचा ‘छी’ हा चिनी शब्द निराळा असून, रोमन लिपीतील स्पेलिंगमुळे या दोहोंची गल्लत जगभर झाली आहे. आढ्याची प्रतिमा मात्र विसरण्यासारखी नाही, कारण एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असली तरी दोन्ही पाखी एकाच लाकडावर तोललेली असतात, आणि यिन व यांग या चिनी शब्दांचे मूळ अर्थही डोंगराची सावलीची व उन्हाची बाजू असेच आहेत.

‘ताय ची’ ही संकल्पना ‘ई चिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या परिशिष्टात आढळते, पण तिला विश्वोत्पत्तीच्या सिद्धान्ताचे रूप दिले ते सुंग राजवटीतील चौ तुनयी (१०१७–१०७३) या विचारवंताने, एका आकृतीवर लिहिलेल्या अगदी छोट्या टिपणात. गतीतून यांग उपजते, गती पराकोटीला पोहोचली की निश्चलता येते, निश्चलतेतून यिन उपजते आणि तीही पराकोटीला गेली की पुन्हा गती सुरू होते, असा त्याचा आशय आहे. पुढे चू शी (११३०–१२००) याने या टिपणाला कन्फ्यूशियन विचारात मध्यवर्ती स्थान दिले, आणि चू शीची भाष्ये सरकारी परीक्षांचा पाया ठरल्यामुळे, १९०५ साली त्या परीक्षा बंद होईपर्यंत, कारकुनी पेशाच्या प्रत्येक चिनी माणसाला ही कल्पना तोंडपाठ असे. थोडक्यात, ‘ताय ची’ हे गिरिकंदरांत जपलेले गुपित नव्हते, ते शाळकरी ज्ञान होते. मृदूने कठोरावर मात करावी हा लाओत्से या ताओपंथी तत्त्वज्ञाचा विचार त्याला येऊन मिळाला हे खरे, तरी केवळ ताओपंथ म्हणून या कलेकडे पाहिल्यास तिचे अर्धे मूळ नजरेआड होते.

ज्या खेड्यात या कलेचा सर्वांत जुना ठाम माग लागतो, ते चेनजियागोउ हनान प्रांतातील वेन तालुक्यात, पीत नदीच्या जवळ आहे. नावाचा अर्थ चेन घराण्याची घळ. या घराण्यातील चेन वांगथिंग हा सतराव्या शतकातील सैनिकी पेशाचा पुरुष मिंग राजवट १६४४ साली कोसळल्यानंतर गावी शेती करून राहिला आणि त्याने मुष्टियुद्धाचे डाव बांधले, अशी घराण्याची परंपरा आहे. मिंग सेनापती छी चीक्वांग (१५२८–१५८८) याने आपल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे दिले होते आणि त्यांपैकी २९ चेन घराण्याच्या डावांत सापडतात, असे थांग हाओ या संशोधकाने दाखवून दिले. चेन पद्धतीत आजही पाय आपटणे, उडी आणि एकाएकी सुटणारा ठोसा आहे, त्यामुळे तिचे लढाऊ मूळ सांगण्यासाठी कागदपत्रांची फारशी गरज पडत नाही.

याच थांग हाओने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दोन आवडत्या दंतकथा खोडून काढल्या. वूतांग पर्वतावरील चांग सानफंग नावाच्या ताओपंथी सिद्धपुरुषाने ताय ची निर्माण केली ही एक, आणि शाओलिन मठातील मुष्टियुद्ध भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शिकवले ही दुसरी. दुसरी कथा भारतीय वाचकाला सुखावणारी असल्यामुळे तिचा मोह सुटत नाही. पण तिला आधार म्हणून दाखवला जाणारा व्यायामग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारभर वर्षांनी लिहिलेला, आणि आपल्या देशाचा गौरव अशा पुराव्यावर उभा करू नये.

गावाबाहेर ही कला नेली ती यांग लूछान (१७९९–१८७२) याने. हपेय प्रांतातील युंगन्यान येथला हा गरीब माणूस चेनजियागोउला राहून चेन चांगशिंग (१७७१–१८५३) याच्याकडे शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये मांचू सरदारांचा उस्ताद झाला. त्याच युंगन्यानमधील वू युश्यांग (१८१२–१८८०) हाही ही कला शिकला, तो मात्र सुखवस्तू, व्यासंगी घराण्यातला होता. त्याच्या भावाला एका मिठाच्या दुकानात वांग त्सोंगयुए नावाच्या लेखकाचे या कलेवरचे जुने हस्तलिखित सापडले असे सांगितले जाते. ते खरोखर जुने होते की वू बंधूंच्याच लेखणीतून उतरले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. निर्णय काहीही लागो, चौ तुनयीची भाषा आणि खेड्यातील डावपेच यांची गाठ या लेखनात पडली आणि ‘ताय ची’ हे नाव या मुष्टियुद्धाला चिकटले. अर्थात, परीक्षेच्या अभ्यासात मुरलेल्या माणसाला आपल्या अंगातील तोल समजावून सांगायला याहून जवळचे शब्द सापडणेही कठीणच होते.

त्यानंतर आरोग्य पुढे आले, आणि तेही अपमानातून. बंदुकांपुढे मूठ निकामी झाली होती, १९०१ साली छिंग दरबाराने तिरंदाजीवर आधारलेल्या लष्करी परीक्षा रद्द केल्या, आणि परक्या सत्तांकडून वारंवार मार खाल्लेल्या चीनला ‘पूर्वेचा रोगी’ हे बिरुद झोंबत होते. देशाची प्रकृती सुधारायची तर देशी व्यायाम हवा, या तळमळीतून १९१२ साली बीजिंगमध्ये व्यायाम-संशोधनाची एक संस्था निघाली आणि तेथे यांग लूछानचा नातू यांग चंगफू (१८८३–१९३६) ताय ची शिकवू लागला. उड्या आणि झटके गाळून, एकसारख्या संथ गतीची, मोठ्या आणि मोकळ्या हातवाऱ्यांची जी पद्धत त्याने रूढ केली, तीच आज बहुतेकांना ताय ची म्हणून परिचित आहे. याच पद्धतीवरून चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली २४ हालचालींचा, पाच-सहा मिनिटांत पुरा होणारा संक्षिप्त क्रम तयार केला.

यांग चंगफूने तोंडी सांगितलेल्या आणि १९२५ साली छापल्या गेलेल्या दहा सूत्रांत एक सूत्र ‘रिकामे’ आणि ‘भरलेले’ यांतील भेद ओळखण्याचे आहे. त्याचा अर्थ एका पावलात दिसतो. सगळा भार मागच्या, किंचित वाकलेल्या पायावर असताना पुढचा पाय उचलून त्याची टाच अलगद जमिनीला लावली जाते, पण तिच्यावर भार टाकला जात नाही. हा पाय रिकामा. मग तळवा टेकतो, बोटे टेकतात, आणि त्यानंतरच धड ताठ ठेवून भार एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतावे तसा सावकाश पुढे येतो, तोवर मागचा पाय रिकामा होतो. शेवाळलेल्या दगडांवरून ओढा ओलांडणारा माणूस पाय चाचपून टाकतो, तसेच हे आहे. लढाईत याचा उपयोग उघड होता, कारण भार नसलेल्या पायाला प्रतिस्पर्ध्याने झाडले तरी माणूस पडत नाही. एक पराकोटीला गेले की दुसरे सुरू होते, हे चौ तुनयीचे म्हणणे येथे मांडीच्या स्नायूंना कळते.

उतारवयात माणूस पडतो तो बहुधा भार हलवतानाच, आणि म्हणून या पावलाचा आरोग्याशी असलेला संबंध कल्पनेतला नाही. अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तरी गाठलेल्या २०० व्यक्तींवर झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ आठवड्यांच्या ताय चीने वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला, तर यंत्रावर तोल सांभाळण्याच्या सरावाने असा फरक पडला नाही. २०१२ साली ऑरेगनमधील १९५ पार्किन्सन रुग्णांच्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा असा २४ आठवडे सराव केलेल्यांचा तोल इतर दोन प्रकारचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. २०१६ साली गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांत ताय ची फिजिओथेरपीच्या तोडीची ठरली. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व काही ताय चीने बरे होते, अशा दाव्यांना मात्र या तोलामोलाचा आधार नाही, आणि अशा दाव्यांनी एका चांगल्या गोष्टीचे नुकसानच केले आहे.

पडण्याचे निमित्त झाले आणि त्यानंतर अंथरूणच धरले, अशी हकीकत मराठी घरांना नवी नाही. ताय ची नीट शिकवणारा माणूस जवळपास असेल तर वयस्कांनी त्याच्याकडे अवश्य जावे, गुडघा झेपेल तेवढाच वाकवावा, सुरुवातीला खुर्चीची पाठ हाताशी ठेवावी, आणि २४ हालचाली पाठ करण्याची घाई न करता ते एक पाऊल आधी बसवून घ्यावे.