निदानातील चुका : छत्तीसगडमधील सिकलसेलचा अनुभव

रुग्णाच्या आजाराचे अचूक आणि वेळेवर निदान न होणे, किंवा झालेले निदान रुग्णाला न कळविले जाणे, याला निदानातील चूक म्हटले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१५ च्या अहवालात ही व्याख्या करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रुग्णांना होणाऱ्या टाळता येण्याजोग्या हानीपैकी सुमारे १६ टक्के हानी अशा चुकांमुळे होते. १७ सप्टेंबर २०२४ चा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन याच विषयावर पाळण्यात आला.

छत्तीसगडमध्ये या प्रश्नाचे ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. रायपूर जिल्ह्यातील साडेतीन लाखांहून अधिक मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे ९ टक्के मुले वाहक असल्याचे आढळले. हा विकार केवळ आदिवासींपुरता मर्यादित नसून अनुसूचित जाती व इतर मागास वर्गांतही आढळतो. विदर्भालाही तो अपरिचित नाही. नागपूर येथील संशोधकांनी त्याची नोंद १९५८ मध्येच केली होती.

गफलत कोठे होते?

सिकलसेलमध्ये लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडे व सांधे दुखतात, रक्तक्षय होतो, कावीळ दिसते आणि वारंवार ताप येतो. यातील प्रत्येक लक्षणाला दुसरे परिचित कारण असते. सांधेदुखी संधिवात ठरते, कावीळ यकृताचा विकार ठरते, तर रक्तक्षयावर केवळ लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. मूळ आजार ओळखला न गेल्याने लसीकरण, प्रतिजैविके आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध यांचा लाभ मिळण्यास विलंब होतो.

उलट प्रकारची चूकही तितकीच घातक आहे. रुग्णाला सिकलसेल असल्याचे ज्ञात झाले, की त्याचा प्रत्येक ताप आणि प्रत्येक पोटदुखी त्याच आजाराच्या खात्यावर टाकली जाते. अशा वेळी हिवताप, हाडांतील जंतुसंसर्ग किंवा आंत्रपुच्छाचा दाह नजरेतून सुटू शकतो.

चाचणीच्या मर्यादा

प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांतील भेद दाखवीत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी आवश्यक असते. सहा महिन्यांखालील बालकांत, तसेच तीव्र रक्तक्षयात, प्राथमिक चाचणी चुकीने नकारात्मक येऊ शकते. गेल्या तीन महिन्यांत रक्त दिले गेले असल्यास पुढील तपासणीचा निष्कर्षही फसवा ठरू शकतो. वाहकाला रुग्ण ठरविल्यास विनाकारण भीती पसरते, विवाह जुळण्यात अडचणी येतात. रुग्णाला वाहक ठरविल्यास तो उपचारांपासून वंचित राहतो.

उपाय

रायपूर येथे २०१३ मध्ये सिकलसेल संस्था स्थापन करण्यात आली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी नागरिकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे.

मात्र चाचण्या वाढल्या म्हणजे चुका आपोआप कमी होत नाहीत. डॉक्टरांनी पहिल्या अंदाजावर न थांबता, "याखेरीज आणखी काय असू शकेल?" हा प्रश्न स्वतःला विचारावा, असे तज्ज्ञ सुचवितात. उपचारांनी अपेक्षित गुण न आल्यास निदानाचा फेरविचार करावा. प्रयोगशाळेचा अहवाल रुग्णाच्या हाती पडला आणि त्याला तो समजला, याची खातरजमा व्हावी. चूक घडल्यास केवळ दोषारोप न करता तिची नोंद व कारणमीमांसा व्हावी.

रुग्णांनीही जुने अहवाल जपून ठेवावेत, कुटुंबातील आजारांची आणि पूर्वी घेतलेल्या रक्ताची माहिती डॉक्टरांना द्यावी. सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र ताप, छातीत दुखणे अथवा श्वास घेण्यास त्रास झाल्यास त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.