रेणुकादेवी मंदिर, माहूर

नांदेड जिल्ह्यातील माहूर येथील प्राचीन देवीस्थान. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका ही तीन आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे, अशा महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातील असंख्य घराण्यांचे हे कुलदैवत आहे.

स्थान व मार्ग : पैनगंगेच्या खोऱ्यात, सागवानी जंगलाने वेढलेल्या डोंगरांत माहूर वसले आहे. नांदेडहून ते सुमारे १३० किमी. आहे. मुदखेड जंक्शनहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट असा जातो. मुदखेड परिसरातील भाविक या मार्गावरील गाडीने किनवटला उतरून पुढे एसटीने माहूर गाठू शकतात.

आख्यायिका : सहस्रार्जुनाने जमदग्नींचा वध केल्यावर परशुराम पित्याचा देह आणि माता रेणुका यांना कावडीत घेऊन कोऱ्या भूमीच्या शोधात निघाला. माहूरला दत्तात्रेयांनी त्याला थांबवले. परशुरामाने बाण मारून मातृतीर्थ काढले, पित्याला अग्नी दिला आणि रेणुका सती गेली. आईच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या मुलाला आकाशवाणी झाली : आई जमिनीतून वर येऊन दर्शन देईल, मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. तो वळला तेव्हा केवळ मुख वर आले होते. म्हणूनच येथे देवीची पूर्ण मूर्ती नसून शेंदूरचर्चित, भव्य मुखाकार तांदळा पुजला जातो, अशी श्रद्धा आहे.

मंदिर : परंपरेने मंदिराची उभारणी देवगिरीच्या यादवांच्या काळातली मानतात. पायथ्यापासून अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दुतर्फा हळदकुंकू, बांगड्या, खण-नारळ आणि ओटीच्या सामानाची दुकाने लागतात. जवळच परशुरामाचे मंदिर आहे.

उपासना : देवीचा खास प्रसाद म्हणजे तांबूल. नागवेलीची पाने चुना, कात, सुपारी, बडीशेप, वेलची, लवंग यांसह खलबत्त्यात बारीक कुटतात. तो विडा देवीच्या मुखी देऊन मग भाविकांना वाटतात. मऊ कुटलेला हा प्रसाद दात नसलेल्या आजीलाही सहज खाता येतो. माहूरहून परतताना तो घरच्यांसाठी आवर्जून नेला जातो. पुरणपोळीचा नैवेद्य, साडीचोळीची ओटी, लग्नानंतर नवदांपत्याचे दर्शन, मुलांचे जावळ आणि घरी घातलेला गोंधळ हे कुळाचाराचे भाग आहेत. आश्विन नवरात्रात घटस्थापनेपासून विजयादशमीपर्यंत सर्वांत मोठी गर्दी असते. मूळचे साताऱ्याकडचे संतकवी विष्णुदास (१८४४–१९१७) माहूरला येऊन राहिले. त्यांनी रेणुकेवर रचलेली पदे व अष्टके आजही नवरात्रात घरोघरी म्हटली जातात.

परिसर : रेणुका, दत्त आणि अनसूया अशी तीन शिखरे येथे आहेत. दत्तात्रेय दिवसभर भ्रमण करून निद्रेसाठी माहूरला येतात, अशी दत्तभक्तांची धारणा असून मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तशिखरावर जयंती होते. महानुभाव पंथीयांना माहूर तितकेच पवित्र आहे : पंथाच्या पाच अवतारांपैकी, म्हणजे पंचकृष्णांपैकी, श्रीदत्तात्रेय प्रभूंचे हे स्थान, आणि पंचकृष्णांपैकीच चांगदेव राऊळांना व्याघ्ररूपातील दत्तात्रेयांनी मस्तकी पंजा ठेवून येथेच अनुग्रह दिला, असे ते मानतात. देवदेवेश्वर हे त्यांचे येथील मंदिर. श्रावण पौर्णिमेच्या परिक्रमेत भाविक पावसाळी रानातून डोंगरांना पायी प्रदक्षिणा घालतात. डोंगरावरील रामगड किल्ला, पांडवलेणी आणि सोनापीर दर्गा हीदेखील पाहण्यासारखी ठिकाणे आहेत.

महत्त्व : माहूरची कथा एका गाभाऱ्यात मावत नाही. आई रेणुका शिखरावर, तिच्या मुलाने काढलेले तीर्थ दुसरीकडे, त्याला वाट दाखवणारे दत्तात्रेय तिसऱ्या डोंगरावर. शाक्त, दत्तसंप्रदायी आणि महानुभाव आपापल्या वाटांनी याच डोंगरांवर शतकानुशतके येत राहिले आहेत. रांगेत उभे राहून देवीचे मुखदर्शन घेणाऱ्याने एक दिवस जास्तीचा काढावा आणि मातृतीर्थ व उरलेली दोन शिखरेही करावीत. तेव्हाच माहूरची यात्रा पुरी होते.