रोशाच्या तेलाची औषधी कीर्ति : एक परीक्षण

वर्धा जिल्ह्यांत नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगाव (श्यामजी पंत) हें गांव आहे. जिल्ह्याच्या या उत्तर भागांतील टेकड्या म्हणजे सातपुड्याचेच फाटे होत. सातपुड्याच्या उतारांवर, निमाड, बैतूल, मेळघाट व खानदेश या टापूंत, एक सुगंधी गवत उगवतें. त्यास कोठें तिखाडी तर कोठें रोशा म्हणतात. त्याचें तेल जंतुनाशक आहे व ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती, असें हल्लीं प्रतिपादिलें जातें. या विधानाचे भाग दोन, व दोहोंस लागणारा पुरावाही निराळा. म्हणून त्यांची छाननी आम्ही स्वतंत्रपणें करतों.

प्रथम पूर्वजांच्या ज्ञानाविषयीं. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत कत्तृण, रौहिष या नांवांनीं सुगंधी तृणाचा निर्देश असून कफ, ज्वर, कास व कंठरोग यांवर तें सांगितलें आहे. परंतु तेथें औषध आहे तें गवत. भट्टीचें तेल नव्हे. तेलाविषयींचा पुरावा एकोणिसाव्या शतकांत विपुल मिळतो. फ्लुकिगर व हॅनबरी यांच्या १८७४ च्या ग्रंथांत मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे होणाऱ्या त्याच्या निर्गतीचें वर्णन आहे. तुर्कस्तानांत गुलाबाच्या अत्तरांत त्याची भेसळ होई. इकडे संधिवातावर तें चोळीत. रोगजंतूंचा विचार यांत कोठेंही नाहीं, व असणें शक्यही नव्हतें. कारण विशिष्ट जंतूपासून विशिष्ट रोग होतो हें कॉखनें काळपुळीच्या बाबतींत १८७६ सालीं दाखविलें.

आतां तेलाच्या गुणाविषयीं. १८७१ सालीं याकोबसेन यानें याच तेलांतून जिरॅनिऑल हें द्रव्य वेगळें केलें. १८८७ सालीं पाश्चरचा सहकारी शांबरलां यानें अनेक सुगंधी तेलांचा काळपुळीच्या जंतूवरील परिणाम तपासला. १९९९ सालीं हॅमर, कार्सन व रायली यांनीं ५२ वनस्पतिज तेलें व अर्क निरनिराळ्या जंतूंवर तपासले; त्यांत रोशाच्याच जातीच्या गवती चहाचें तेल २ टक्के वा त्याहून कमी प्रमाणांत सर्व जंतूंची वाढ रोखणाऱ्या तिहींपैकीं एक ठरलें. २००९ सालीं लोरेंझी प्रभृतींनीं असें दाखविलें कीं, प्रतिजैविकांस दाद न देणाऱ्या कांहीं जंतूंवर जिरॅनिऑलच्या साहाय्यानें तीं औषधें पुन्हां परिणाम करूं लागतात. मात्र हे प्रयोग काचपात्रांतले आहेत. रोग्याच्या देहांतले नव्हेत. शिवाय निर्भेळ तेल त्वचेस दाहक होऊं शकतें. वैद्यानें दिलेलें औषध टाकून कोणीं या तेलावर विसंबूं नये.

मग पूर्वजांकडे श्रेय कोणतें राहतें? आमच्या मतें तें भट्टीवाल्यांचें आहे. गवत फुलावर येतांच कापावें, ओढ्याकाठीं कढईंत पाण्यासह उकळावें, वाफ बांबूच्या नळीनें गार पाण्यांतील भांड्यांत न्यावी, व वर तरंगणारें तेल काढून घ्यावें, ही त्यांची रीत. दिसण्यांत जवळजवळ एकच अशा गवतांतून मोतिया व सोफिया हे दोन प्रकार त्यांनीं ओळखले. रसायनशास्त्रानें जिरॅनिऑलचें आधिक्य मोतियांतच असल्याचें पुढें दाखविलें. हें ज्ञान खरें आहे, व त्यास पुरावा आहे. न केलेल्या शोधाचें श्रेय पूर्वजांस देऊं गेल्यास, त्यांनीं खरोखर केलेलें कार्य मात्र झांकलें जातें.