नसलेल्या शनिवारी

जाण्याआधी तारीख नीट सांगा. नुसतं ‘१४ फेब्रुवारी १९००’ म्हणालात, तर बुधवारी पोचाल आणि हात हलवत परत याल. तुम्हाला हवाय तो शनिवार. तो पंचांगात नाही. जोन लिंडसे यांच्या १९६७च्या कादंबरीवरून पीटर वीअर यांनी केलेल्या ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ या १९७५च्या सिनेमात तेवढा आहे.

पोचलात. दगडी हवेली, भोवती चिटपाखरू नाही. हे ॲपलयार्ड कॉलेज, मुलींचं निवासी विद्यालय. मुली रांगेत उभ्या आहेत आणि प्रत्येक जण पुढचीच्या कॉर्सेटच्या नाड्या आवळतेय. तुम्हीही रांगेतच आहात. पाठीवर कुणाची तरी बोटं, एक हिसका, आणि फासळ्यांना श्वासापुरती जागा उरते. कुजबुज, हसणं, व्हॅलेंटाइनची शुभेच्छापत्रं. कोपऱ्यात अनाथ सारा मिरांडाकडे बघत बसलीय. तिला सहलीला जायची परवानगी नाही. मिरांडा तिला सहज सांगून टाकते, की माझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर तरी माया करायला शीक, मी इथे फार दिवस नाही.

बाहेर पायऱ्यांवर मुख्याध्यापिका मिसेस ॲपलयार्ड. दिवस उकाड्याचा आहे, म्हणून सवलत: वुडेंड गाव मागे पडलं की हातमोजे काढले तरी चालतील. घोडागाडी गावाबाहेर पडते आणि मुली हातमोजे ओढून काढतात. मला विचाराल तर या सिनेमातलं सगळ्यात मोठं बंड हेच. पुढे जे होतं ते त्याच वाटेवरचं आहे.

गाडी काही तासांत हँगिंग रॉकपाशी पोचते. खरं तर पोचता कामा नये. खडक व्हिक्टोरियात आहे आणि ती हवेली, मार्टिनडेल हॉल, शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात, शेकडो किलोमीटर दूर. पण ज्या शनिवारी तुम्ही आलात तो तरी कुठे खरा होता?

आता खडकाच्या पायथ्याशी गवतात आडवे व्हा. हृदयाच्या आकाराचा केक कापला जातो, त्याच्या तुकड्यावर मुंग्या चढतात. गाडीवानाचं घड्याळ बारावर थांबलंय, गणिताच्या मिस मॅक्रॉ यांचंही. ऊन मधासारखं दाट. ही करामत छायालेखक रसेल बॉइड यांची. त्यांनी लेन्सवर नवरीच्या पदराचं झिरझिरीत कापड ताणलंय. पानबासरी वाजते, ती रोमानियाच्या गेओर्गे झाम्फीर यांची. सुंदर आहे सगळं, आणि तरी पोटात कालवतं. सिनेमात भूत नाही, रक्त जवळपास नाही. भीती भर दुपारी, पांढऱ्या कपड्यांत येते. (खडक सुमारे साठ लाख वर्षांचा आहे, आणि इथल्या मूळच्या वुरुंजेरी आणि इतर लोकांना एकोणिसाव्या शतकातच हुसकावून लावलंय. मुली हरवण्याआधीच या जागेतून बरंच काही नाहीसं झालं होतं. सिनेमा त्याबद्दल फारसं बोलत नाही.)

चौघी वर निघतात. मिरांडा वळून हात हलवते. वर पोचल्यावर बूट-मोजे उतरतात. तिघी झोपेत असल्यासारख्या कपारीत शिरतात, एडिथ किंचाळत खाली धावते. मिस मॅक्रॉही गायब. आठवड्याभराने तिघींपैकी एकटी अर्मा सापडते. पाय स्वच्छ, कॉर्सेट नाही, आठवण नाही.

इथून पुढे लोक खडकाकडे बघत राहतात. तुम्ही शाळेत परत चला. लाल कपड्यांतली अर्मा व्यायामशाळेत निरोप घ्यायला येते. मुली आधी गप्प, मग एकदम तिच्यावर तुटून पडतात: काय झालं, सांग, सांग ना! तिला ढकलतात, ओरबाडतात. खरं सांगा, तुम्हीही त्या घोळक्यातच आहात. एका अमेरिकन वितरकाने तर उत्तर मिळालं नाही म्हणून हातातला कॉफीचा कप पडद्यावर फेकला, असं वीअर सांगतात. लिंडसे यांनी उलगड्याचं प्रकरण लिहिलं होतं. ते कादंबरीतून वगळलं गेलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये, छापलं गेलं. वाचू नका असं मी म्हणत नाही, पण सिनेमाला त्याची गरज पडली नाही.

गोंगाट ओसरतो. तेव्हा कुठे फ्रेंचच्या बाईंची नजर भिंतीकडे जाते. तिथे सारा आहे, पट्ट्यांनी फळीला जखडलेली. इतका वेळ ती तिथेच होती. शिक्षिका मिस लमली कारण सांगतात: पोक काढते ना, पाठ सरळ व्हायला हवी. वरून तसा हुकूम आहे.