मुंबई ते नागपूर : विमानाचे अंतर, लागणारा वेळ आणि आपला प्रवास

दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी या दोन ठिकाणांमधला प्रवास आपल्या समाजात घरोघरी होतो. अशोक विजयादशमीला मुंबईकर नागपूर गाठतात आणि ६ डिसेंबरला विदर्भ दादरला येतो. परीक्षा आणि मुलाखतीसाठीही आपली मुले याच मार्गाने जातात. विमानाने नेमका किती वेळ वाचतो, हे ठरवायला सोपे जावे म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

अंतर

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. कसारा घाट, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा जाणारा रेल्वेमार्ग सुमारे ८४० किलोमीटरचा आहे. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर असून तो नागपूरहून भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत येतो.

वेळ

विमान हवेत साधारण एक तास ते एक तास दहा मिनिटे असते. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास वेळ दिसतो. धावपट्टीपर्यंत जाणे आणि मुंबईत उतरण्यासाठी थांबावे लागणे, हेही त्यात धरलेले असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते.

घरापासून मुक्कामापर्यंतचा हिशेब वेगळा आहे. दोन तास आधी पोहोचणे, सामान मिळणे आणि शहरातला प्रवास धरला तर पाच तास सहज जातात. रेल्वेने बहुतेक गाड्यांना ११ ते १५ तास लागतात.

उतरल्यावर

नागपूर विमानतळ सोनेगावला आहे. तिथून दीक्षाभूमी साधारण सहा-सात किलोमीटर आहे, रिक्षाने थेट जाता येते. मुंबईत मेट्रो ३ दोन्ही टर्मिनलपासून दादरपर्यंत जाते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाले आहे. तिथून दादर बरेच लांब पडते, म्हणून तिकिटावर कोणते विमानतळ आहे ते आधी पाहा.

पुस्तकांचे वजन

देशांतर्गत साध्या तिकिटावर सहसा १५ किलो सामान आणि ७ किलोची हातपिशवी नेता येते. दीक्षाभूमीवरून किंवा शिवाजी पार्कवरून पुस्तकांचे गठ्ठे घेणाऱ्यांना हे वजन लगेच भरते. जास्तीच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात. रेल्वेत स्लीपरला ४० किलो सामान मोफत नेता येते.

आमचे म्हणणे

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर बाबासाहेबांचे पार्थिव विमानानेच मुंबईला आणले गेले. २००५ मध्ये नागपूरच्या विमानतळाला त्यांचे नाव मिळाले. तरी त्यांना अभिवादन करायला येणारी बहुसंख्य माणसे आजही जनरल डब्यात उभी राहून येतात. सणाच्या आणि गर्दीच्या दिवसांत विमानाचे भाडे चढते, ते त्यांच्या आवाक्यात नसते. म्हणून जादा अनारक्षित गाड्या, स्थानकावर पाणी, शौचालये आणि निवारा यांची मागणी आपण दरवर्षी लावून धरली पाहिजे.

ज्यांना परवडते त्यांनी तिकीट दोन-तीन महिने आधी काढावे. आयुष्यभर जनरल डब्यातून वारी करून थकलेल्या आई-आजीला एकदा तरी सोबत न्यावे.

जय भीम!